चालू, सुरू, बंद, थांबवा: सर्व्हरच्या विजेटवर नेमकं काय लिहावं?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. अँड्रॉइड फोनवर एसएसएच सर्व्हर चालवणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत ॲपचं मराठीकरण हाती घेतलं आहे आणि चार शब्दांवर गाडी अडली आहे.

ज्यांचा एसएसएचशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका यंत्रावर बसून जाळ्यावरच्या दुसऱ्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायचं आणि तिथे आज्ञा द्यायच्या, फायली हलवायच्या, ही ती सोय. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी ती लिहिली. विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपत होतं, आणि तोवर याच कामासाठी वापरात असलेल्या टेलनेट, आरलॉगिन या जुन्या सोयींमधून पासवर्ड उघडाच जात असे. यंत्रात शिरायच्या प्रत्येक सोयीला एक क्रमांकाचं दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. 21 वर फायली हलवणारं एफटीपी, 23 वर टेलनेट, म्हणून मधलं रिकामं 22 हे पोर्ट त्यांनी मागून घेतलं. फोनवर मात्र रूट, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार नसतील तर 1024 च्या खालचं पोर्ट मिळत नाही. अँड्रॉइडवर टाइप करून आज्ञा द्यायचं टर्मक्स हे ॲप आहे, त्यातला सर्व्हर त्यामुळेच 8022 वर बसतो.

या ॲपचं मुख्य पडद्यावर ठेवायचं एक विजेट आहे. वरच्या ओळीत सर्व्हरची स्थिती आणि खाली एक बटण, बस्स. इंग्रजीत वर ‘रनिंग’ किंवा ‘स्टॉप्ड’ असतं आणि बटणावर ‘स्टार्ट’ किंवा ‘स्टॉप’. आधीच्या मराठी मसुद्यात वर ‘चालू’ आणि खाली ‘बंद’ असं आहे. बटण दाबलं की वर ‘बंद’ आणि खाली ‘चालू’. आता हे वाचणाऱ्याने काय समजायचं? सर्व्हर चालू आहे की बंद? जागा अरुंद केली की वरची ओळ गळते आणि नुसतं ‘बंद’ लिहिलेलं बटण उरतं. त्याचा अर्थ ‘आत्ता बंद आहे’ असाही होतो आणि ‘दाबलंत तर बंद होईल’ असाही.

हा सर्व्हर म्हणजे फोनमधल्या फोटोंपासून कागदपत्रांपर्यंत पोचण्याची वाट आहे. कोणी ‘बंद’ वाचून निर्धास्त झालं आणि वाट उघडीच राहिली, तर दोष आपल्या भाषांतराचा. म्हणून विचारतो आहे: या चार जागी कोणते शब्द? शिवाय ‘स्टेटस’, ‘रिमोट लॉगिन’ आणि ‘विजेट’ यांचं काय करावं?

प्रतिसाद 1

चार जागांसाठी मराठीत चार वेगळे शब्द आहेत. मसुद्यात दोनच वापरले म्हणून घोळ झाला.

‘चालू’ हा चालणे या क्रियापदापासून आला. चालू वर्ष, चालू खातं, चालू भाव. सगळीकडे तो असलेली अवस्था सांगतो. ‘सुरू’ आपल्याकडे फारसीतून आला, मुळात अरबी, अर्थ आरंभ. पाऊस सुरू होतो आणि मग चालू असतो. बोलताना आपण ‘पाऊस सुरू आहे’ असंही म्हणतो आणि ‘पंखा चालू कर’ असंही, त्यामुळे ही सीमारेषा काही काटेकोर नाही. पण कल आहे, आणि लेबल लिहिताना त्या कलाचा फायदा घेता येतो. आज्ञेसाठी ‘सुरू करा’, स्थितीसाठी ‘चालू आहे’.

दुसरी जोडी ‘बंद’ आणि ‘थांबवा’. ‘बंद’ हे विशेषण आहे, नाम आहे (‘महाराष्ट्र बंद’ आठवा), आणि ‘करणे’ला जोडला की क्रियाही होते. इतक्या कामांचा शब्द एकट्याने बटणावर उभा करू नये. ‘थांबवा’ला आज्ञेखेरीज दुसरा अर्थच नाही. म्हणून स्थितीला ‘बंद आहे’, बटणाला ‘थांबवा’.

स्थितीसाठी ‘थांबला आहे’ का नको, याचं कारण लिंग. सर्व्हर थांबला, सेवा थांबली, ॲप थांबलं. ॲपमध्ये एकच लेबल तिन्ही ठिकाणी वापरलं जातं आणि कुठेतरी हमखास चूक होते. ‘चालू’ आणि ‘बंद’ ही अविकारी विशेषणं आहेत, लिंगवचनाने बदलत नाहीत. यंत्रावरच्या पाटीसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

आणि कृपा करून ‘सुरु’, ‘चालु’ असं ऱ्हस्व लिहू नका. शब्दाच्या शेवटी येणारा उकार मराठीत दीर्घ.

प्रतिसाद 2

मला दिसत नाही, मी टॉकबॅक लावून फोन वापरते. ते लेबल मोठ्याने वाचतं आणि पुढे ‘बटण’ म्हणतं. ‘बंद, बटण’ असं कानावर पडलं तर मला वाटतं बटणच निकामी आहे. हिरवा-लाल रंग देऊन भागेल असं कोणी सुचवेल, तो मला उपयोगाचा नाही, आणि ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही नाही.

‘थांबवा’ उत्तम. पण काय थांबवा तेही ऐकू आलं पाहिजे. पडद्यावर जागा नसली तरी टॉकबॅकसाठी वेगळं, लांब लेबल देता येतं. तिथे ‘एसएसएच सर्व्हर थांबवा’ असं पूर्ण लिहा. माझ्या पडद्यावर संगीताचंही विजेट आहे, त्यातही थांबवा आहे.

प्रतिसाद 3

माझं रोजचं काम सर्व्हरचंच आहे. शब्दांआधी अर्थ पक्का करूया, कारण इथे ‘थांबवा’चेच दोन अर्थ होतात.

ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्तस्रोत रूपात एक मुख्य प्रक्रिया, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, पोर्टवर कान देऊन बसते. कोणी जोडलं की त्याच्यासाठी ती वेगळी प्रक्रिया जन्माला घालते. नुसती मुख्य प्रक्रिया थांबवली तर नवीन कोणाला येता येत नाही, पण आधी आत आलेले तसेच काम करत राहतात. दुकानाचं शटर अर्धं ओढलं तरी आतली गिऱ्हाइकं आतच असतात, तसं. त्यामुळे विजेटवर ‘बंद आहे’ लिहिलेलं असताना कोणीतरी तुमच्या फायली उतरवून घेत असू शकतं. टर्मक्समध्ये लोक सहसा त्या नावाच्या सगळ्याच प्रक्रिया मारतात, तेव्हा आतलेही बाहेर पडतात. तुमचं ॲप यातलं काय करतं ते आधी तपासा. पहिली रीत असेल तर बटणावर ‘नवी जोडणी थांबवा’ लिहा आणि ‘सर्व जोडण्या तोडा’ ही वेगळी आज्ञा द्या. ‘बंद आहे’ हे शब्द आत कोणी उरलं नसेल तेव्हाच दाखवावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता ‘चालू आहे’ मधल्या ‘आहे’बद्दल. अँड्रॉइड विजेटला आपोआप ताजं करतं ते कमीत कमी 30 मिनिटांच्या अंतराने. त्याआधी बदल दाखवायचा तर ॲपने स्वतः नवी माहिती पाठवावी लागते. चांगली ॲप तसं करतात. पण बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲपच मारून टाकलं, तर ती माहिती पाठवणार कोण? अँड्रॉइड 6 पासून डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आली, अँड्रॉइड 8 पासून पडद्यामागे चालणाऱ्या सेवांवर आणखी बंधनं आली. म्हणूनच असे सर्व्हर कायमची एक सूचना वर टांगून ठेवतात. तरीही काही फोन त्यांना मारतातच. सर्व्हर गेलेला असतो आणि विजेट ‘चालू आहे’ म्हणत राहतं.

म्हणजे विजेटला शेवटचं जे कळलं तेच ते दाखवतं. मराठीत हे प्रामाणिकपणे सांगायला एक काळ बदलला तरी पुरे: ‘10:42 ला चालू होता’. इथे ‘होता’ला लिंग लागतं, हे प्रतिसाद 1 मधला मुद्दा वाचून लक्षात येतं आहे. मग ‘चालू, 10:42 ची स्थिती’ असं करता येईल.

प्रतिसाद 1 (पुन्हा)

‘चालू, 10:42 ची स्थिती’ छान आहे, तसंच ठेवा. क्रियापद नाही, लिंग नाही, आणि वेळ मात्र स्पष्ट.

प्रतिसाद 4

‘स्टेटस’ हा शब्द मराठीत आता व्हॉट्सॲपने व्यापला आहे. ‘स्टेटस ठेवलं’, ‘तुझं स्टेटस पाहिलं’. ‘पीएनआर स्टेटस’ हा जुना अर्थ रेल्वेपुरता टिकून आहे. फोनच्या मुख्य पडद्यावर ‘स्टेटस विजेट’ म्हटलंत तर दहातले बरेच जण व्हॉट्सॲपचंच समजतील. ‘स्थिती’ बरा. समासात मात्र ‘स्थितिदर्शक’, ति ऱ्हस्व.

‘सर्व्हर’ला हात लावू नका. ‘सेवादाता’, ‘सेवक संगणक’ हे शब्द होऊन गेले, पण रेशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा रांगेतली आजीसुद्धा ‘सर्व्हर डाऊन हाय’ म्हणते. शब्द गावागावांत पोचला आहे. फक्त त्या वापरामुळे सर्व्हर म्हणजे मुंबईत किंवा दिल्लीत कुठेतरी असलेलं यंत्र, अशी समजूत झाली आहे, आणि तुमच्या ॲपमध्ये तो वापरणाऱ्याच्या खिशात आहे! म्हणून पहिल्या पडद्यावर एक वाक्य हवंच: ‘हा फोनच सर्व्हर होईल.’

याच कारणाने ‘दूरस्थ’ जपून वापरा. ‘दूरस्थ सर्व्हर’ लिहिलंत तर अर्थ उलटा होतो. दूर आहे तो शिरणारा, सर्व्हर तर हातात आहे. ‘दूरस्थ शिक्षणा’त दूर असतो तो विद्यार्थी, हे लोकांना सवयीने कळतं, तसं ‘दूरस्थ प्रवेश’ कळेल. सगळ्यात सोपं म्हणजे ‘दुसऱ्या संगणकावरून या फोनमध्ये लॉगिन’. लांब आहे, पण ते सेटिंगमध्ये लिहायचं आहे, विजेटवर नाही.

‘लॉगिन’मधलं लॉग हे जहाजावरच्या नोंदवहीतून आलेलं. मराठी विकिपीडियावर ‘सनोंद प्रवेश’ असा शब्द वापरात आला तो याच मुळाला धरून, आणि मला तो मनापासून आवडतो, कारण कोण आलं याची नोंद होते हा अर्ध्याहून मोठा अर्थ ‘प्रवेश’मध्ये हरवतो. तरी तुमचा वाचक ‘लॉगिन’च म्हणतो. तेच ठेवा.

प्रतिसाद 5

थोडं अवांतर, पण राहवत नाही. या सर्व्हरचं मूळ नाव ‘एसएसएचडी’. त्यातला शेवटचा ‘डी’ म्हणजे डीमन. 1963 च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने पडद्यामागे सतत राबणाऱ्या प्रक्रियांना हे नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या कल्पनेतल्या रेणू निवडणाऱ्या डीमनवरून. मूळ ग्रीक कल्पनेत तो दुष्ट नाही. माणूस आणि देव यांच्या मधला, पाठीशी असणारा.

बरेच मराठी लेख त्याला ‘राक्षस’ किंवा ‘भूत’ करून मोकळे होतात. आमच्या सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात याला चपखल शब्द आहे: राखणदार. काही ठिकाणी देवचार म्हणतात. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, दिसत नाही, आणि त्याचा मान ठेवावा लागतो. रोट द्यावा लागतो, गाऱ्हाणं घालावं लागतं. दाराशी बसून आत कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या या प्रक्रियेला याहून जवळचं नातं मला दुसऱ्या कुठल्या मराठी शब्दात दिसत नाही.

विजेटवर लिहा असं म्हणत नाही. घाटावरच्या वाचकाला कळणार नाही. पण मदतीच्या पानावर ‘डी कशाचा’ हे समजावताना ‘राखणदार’ जरूर आणा.

प्रतिसाद 6

विजेटला ‘कळफलक’ चाललं असतं. एक कळ आणि एक फलक, इतकंच तर त्यात आहे. पण तो शब्द कीबोर्डला कधीच देऊन झाला. आता ‘विजेट’च. अँड्रॉइडवर 2009 पासून आहे, आयफोनच्या मुख्य पडद्यावरही 2020 पासून आलं, सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲपचा कोड पाहिला. थांबवताना ते मुख्य प्रक्रियाच बंद करतं, आतल्या जोडण्या तशाच राहतात. म्हणजे प्रतिसाद 3 मधली शंका खरी निघाली. मूळ लेखकांना तसं कळवतो आहे. तोवर मराठीत बटणावर ‘नवी जोडणी थांबवा’, वर ‘चालू’ किंवा ‘बंद’ आणि त्यापुढे वेळ, आणि आत कोणी असेल तर ‘जोडलेले: 2’ असं दिसेल. सुरू करायचं बटण ‘सुरू करा’. टॉकबॅकसाठी चारही लेबलं पूर्ण वाक्यात.

एक शब्द उरला. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचं ‘फिंगरप्रिंट’, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची खूण, ताडून बघायचं असतं, आणि ते दिसावं म्हणून विजेट दाबून धरायची सोय आहे. पण फोनवर ‘फिंगरप्रिंट’ म्हटलं की लोक थेट सेन्सरवर बोट ठेवतात.

प्रतिसाद 4

‘ठसा’ लिहा. ‘सर्व्हरचा ठसा’. ‘बोटाचा’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, आणि ‘किल्ली’सुद्धा नको, कारण तिथे वाचक उघडायला काहीतरी शोधू लागतो. खाली मदतीची एक ओळ द्या: ‘दुसऱ्या संगणकावर दिसणारा ठसा यासारखाच असेल तरच हो म्हणा.’

प्रतिसाद 3

सहमत. त्या ओळीत ‘अक्षर न् अक्षर’ हे शब्द घाला. लोक पहिली चार अक्षरं बघून हो म्हणतात.