मदत हवी आहे: सागवानात 'निवांत' कापतेय, वेलांटी दोनदा तुटली

नमस्कार मंडळी,

स्क्रोल सॉवर (बारीक पातं वर-खाली करून नक्षी कापणारं यंत्र) काम करणारं इथे कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा. प्रश्न एकाच पाटीचा आहे, पण तिचं लाकूड परत मिळणारं नाही, म्हणून हात लावायला धीर होत नाहीये.

मी साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी १६ इंची स्क्रोल सॉ घेतला. आधी भाच्याच्या बारशाला हत्ती-उंटांचं लाकडी कोडं केलं, मग मावसबहिणीच्या रुखवतात मांडायला जाळीचं तुळशीवृंदावन. ते पाहून ओळखीतून कामं येऊ लागली. आजवर सगळं प्लायमध्ये नाहीतर पॅकिंगच्या पाइनमध्ये केलं आहे. जाड सागवानात अक्षरं पहिल्यांदाच.

काम आमच्या शेजारच्या काकूंचं आहे. काका दोन वर्षांपूर्वी गेले. नवं घर बांधायचं आणि त्याचं नाव 'निवांत' ठेवायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. काकूंनी एकटीने उभं राहून ते घर पूर्ण केलं. सासरचा वाडा पाडला तेव्हा मोठ्या दाराची एक फळी त्यांनी घरी आणून ठेवली होती. जुनं सागवान, दोन फूट लांब, सात इंच रुंद. रंधा मारल्यावर १८ मिमी जाडी उरली. पाटी याच फळीतून हवी आहे. अक्षरं शिरोरेखेने जोडलेलीच कापून थेट भिंतीवर लावायची, मागे पाटा नको, असं त्यांचं म्हणणं. वास्तुशांत पुढच्या महिन्याच्या २२ तारखेला आहे.

वखारीतून त्याच जाडीचा सागवानाचा तुकडा आणून मी दोन वेळा सराव केला. दोन्ही वेळा 'नि'ची वेलांटी गेली. पहिल्यांदा कापताना, दुसऱ्यांदा तर सगळं कापून झाल्यावर. तीन तासांचं काम टेबलावर होतं, मी वेलांटीच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर फिरवत होते, आणि काडी मोडावी तसा बारीक आवाज आला. पाहिलं तर कान्यातून वेलांटी जिथे वर निघते, बरोबर तिथेच आडवी भेग. आतलं लाकूड पिवळं, कोरडं. गोंद लावून जोडता येईल, पण काकूंच्या दारावर जोडलेलं अक्षर लावायला मन तयार नाही.

कारण मला समजतं आहे असं वाटतं. फळीचे रेशे आडवे आहेत, त्यामुळे शिरोरेखा मजबूत राहते. पण काना आणि वेलांटीचा चढता भाग रेशांना आडवा छेदून जातो, तिथे जीवच राहत नाही. रेशे उभे घेतले तर काने टिकतील, मग शिरोरेखा दोन अक्षरांच्या मधे मोडेल. देवनागरीत काना उभा आणि शिरोरेखा आडवी, दोन्ही एकाच फळीतून कसं सांभाळायचं?

दुसरी अडचण: 'व'च्या पोटातला तुकडा फक्त खालच्या बाजूने निघतो, वरून निघत नाही. पातं आत घालायला पाडलेलं भोक बारीक असेल म्हणून ते मोठं केलं, तरी तेच.

तिसरी: अनुस्वार. 'वां'वरचा टिंब कशालाच चिकटलेला नाही. तो भिंतीवर वेगळा डकवावा का?

आणि चौथी, जी विचारायला संकोच वाटतो. याच कामात पाहुण्यांना द्यायला पिंपळपानाचे २४ किल्ली-अडकवणे आहेत, ४ मिमी बर्च प्लायचे. काकू "तू सांगशील ते" म्हणतात. बाजारात लेझरवर कापलेल्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) पाट्या स्वस्तात मिळतात. मी काय भाव सांगावा?

प्रतिसाद १

ताई, आधी दोन प्रश्न. पातं कोणतं आहे, पिनचं (टोकांना आडवी पिन असलेलं) की बिनपिनचं? आणि अक्षरांचा फाँट कुठला घेतलात?

धागालेखिका

बिनपिनचं, ५ नंबर, खालचे काही दात उलटे असलेलं. पिनच्या पात्याला साधारण ५ मिमीचं भोक पाडावं लागतं, ते 'व'च्या पोटात मावत नाही. फाँट बोरूच्या वळणाचा आहे, जाड-बारीक रेघांचा. काकांचं अक्षर तसं होतं म्हणून निवडला.

प्रतिसाद १

मग रोग तिथेच आहे. बोरूच्या वळणात वेलांटी जिथून निघते तिथे रेघ सगळ्यात बारीक होते. तुमच्या रेशांचा कमकुवतपणा आणि रेघेचा बारीकपणा एकाच जागी आले.

आमच्याकडे कुडाळला तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्यावरून सांगतो. फळी १८ मिमीची अखंड कापू नका. वखारीतल्या बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) जाडीतून उभी चिरून घ्या. दोनदा चिरली की तीन पातळ फळ्या होतात, रंधा मारून प्रत्येकी ४ मिमीची उरेल. मधे ४ मिमीचा प्लाय घाला आणि पुढे-मागे एकेक सागवान चिकटवा. प्लायच्या आत रेशे उभे-आडवे दोन्ही असतात, त्यामुळे काना मोडत नाही. बघणाऱ्याला पुढून, मागून वाड्याचंच लाकूड दिसेल. कडेला मधली रेघ दिसते, पण ती सागवानाच्याच रंगाने झाकता येते. आणि हे महत्त्वाचं: तिसरी फळी शिल्लक राहते. म्हणजे पुढची बाजू बिघडली तरी एक संधी हातात आहे.

दोन्ही बाजूंची जाडी सारखीच ठेवा. एकाच बाजूला सागवान लावलंत तर पावसाळ्यात पाटी वाटीसारखी वाकेल. प्लाय साधा व्यापारी नको, त्याच्या आत पोकळ्या असतात आणि नेमकी बारीक जागीच पोकळी आली तर पुन्हा रडायचं. आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय घ्या, गोंदही पाण्याला टिकणारा. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी थिनरने पुसून लगेच गोंद लावा.

चिरायच्या आधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. वाड्याच्या दारात मोडलेले खिळे आतच राहतात. वखारवाल्याचं पातं गेलं तर तो पुढचं काम घेणार नाही.

'व'चा तुकडा एकाच बाजूने निघतो याचा अर्थ टेबल काटकोनात नाही. कापलेला तुकडा शंकूसारखा होतो आणि रुंद बाजूनेच सुटतो. एक रद्दी तुकडा घ्या, समोरून थोडा काप द्या, मशीन थांबवा. मग तुकडा अर्धा फिरवून त्याच कापात पात्याची पाठ घालून बघा. सहज शिरली तर टेबल सरळ, अडकली तर वाकडं. नुसत्या गुण्यावर (काटकोन मोजायच्या पट्टीवर) विसंबू नका. पातंही ताणलेलं हवं. ढिलं पातं जाड लाकडात पोटातून फुगतं आणि तसाच तिरका काप देतं. बोटाने छेडलं तर तारेसारखं वाजलं पाहिजे.

प्रतिसाद २

मी पुण्यात पाट्या रंगवतो, त्यामुळे लाकडाचं नाही, अक्षराचं सांगतो. कापायच्या पाटीसाठी फाँट निवडायचा नसतो, दुरुस्त करायचा असतो. तुमचा बोरूचा फाँट ठेवा, काकांच्या हाताची आठवण आहे ती. फक्त नकाशा (कापायचा आराखडा) छापायच्या आधी तीन ठिकाणी हात फिरवा.

वेलांटीचं टोक बहुतेक फाँटमध्ये 'न'च्या वर अधांतरी थांबतं. ते खाली आणून शिरोरेखेला टेकवा. कमान दोन्ही पायांवर उभी राहते. आतली जागा बंद होते म्हणून एक भोक जास्त पाडावं लागेल, पण मोडणं थांबेल. वेलांटीची सुरुवात ८-९ मिमीपर्यंत जाड करा, वर जाऊन बारीक करा. बघणाऱ्याला बोरूचंच वळण वाटतं. आणि शिरोरेखा अक्षरांच्या मधे जिथे मोकळी पडते, तिथे खालच्या कोपऱ्यांना धारदार काटकोन न ठेवता जरा गोलाई द्या. भेग कोपऱ्यातूनच सुरू होते.

पुढे अशी कामं आली तर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' बघा. मोफत आहे, जाड आहे, कोपरे गोल आहेत, कापायला सुखाचा. त्यांचाच 'मोदक' मात्र टाळा. त्याच्या पोटातल्या फटी इतक्या अरुंद की पात्याच्या कापातच संपतात.

प्रतिसाद ३

भावाबद्दल बोलते, कारण मीही याच ठेचेवर अडखळले होते. लेझरशी तुलना मनातून काढून टाका. लेझरवाला हे सागवान घेणारच नाही. तास मोजा: नकाशा, कापणं, घासणं, तेल. त्याला तुमचा तासाचा दर लावा, वर पाती, प्लाय, वखारीची चिराई. काकू जवळच्या आहेत म्हणून पाटी भेट द्यायची असेल तर पाटी पूर्ण भेट द्या आणि २४ किल्ली-अडकवण्यांचे पूर्ण पैसे घ्या. दोन्ही अर्धं-अर्धं केलं की कुणालाच नीट वाटत नाही. अर्धा विसार आधी घ्या.

पिंपळपानं एकेक कापू नका. चार-चार प्लाय एकावर एक ठेवून कडेने चिकटपट्टी गुंडाळा, वर नकाशा आणि नकाशावर पारदर्शक पॅकिंग टेप. टेपमुळे कापाच्या कडा जळत नाहीत. सहा गठ्ठ्यांत २४ होतात.

आणि मास्क लावा. सागवानाचा भुसा बारीक आणि त्रासदायक असतो. मला दोन महिने खोकला होता, तेव्हा शहाणपण आलं. एन-९५ लावा, रुमाल चालत नाही.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते, कारण पुढे कुणाला उपयोगी पडेल.

चुंबक फिरवलं तर एका टोकाला खरंच खिळा निघाला. तो भाग बाजूला ठेवून फळी चिरून घेतली. टेबल सरळ नव्हतं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढंच झुकलेलं होतं, पण रद्दी तुकडा अडकला. सरळ केल्यावर सरावात 'व'चा तुकडा दोन्ही बाजूंनी निघाला. किती वेळ मी तो आत-बाहेर करत बसले होते.

सागवान-प्लाय-सागवान रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवलं. वेलांटी टेकवून घेतली. काल कापलं. सागवानात पातं लवकर बोथट होतं, एकूण सहा पाती लागली. दर २०-२५ मिनिटांनी बदललं, जळल्याचा डाग कुठेही नाही. वेलांटी उभी आहे. बोटाने दाबून पाहिली, हलली नाही.

पिंपळपानांचा विसार काकूंनी माझ्या हातात ठेवला. पाटीचे पैसे मी घेणार नाही हे सांगितलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि एक जुना पितळी डबा घेऊन आल्या. त्यात त्याच दाराचे गोल टोपीचे लोखंडी खिळे होते, वाडा पाडताना वेचलेले. एक खिळा त्यांनी कागदावरच्या 'वां'च्या वर ठेवला. टोपी २२ मिमीची, आणि माझ्या नकाशातला टिंब २० मिमीचा. अनुस्वार तोच होणार आहे. लाकडाला न टेकता सरळ भिंतीत ठोकायचा.

आता शेवटचा प्रश्न. खिळा बाहेर पावसात राहील. गंज चढला तर त्याचे ओघळ पांढऱ्या भिंतीवर आणि खालच्या 'वा'वर उतरतील. पण टोपीवरचा हातोड्याच्या ठोक्यांचा जुना काळपट पोत मला झाकायचा नाही, त्यामुळे रंग नको. गंज काढून त्यावर काय लावू? मेण पावसात टिकेल का, की पारदर्शक लॅकर? जुन्या लोखंडी वस्तू सांभाळणारं कुणी असेल तर सांगा. २२ तारखेला अजून १८ दिवस आहेत.