मदत हवी आहे: ट्रंकवर 'ॲड' विसरलो, स्विच लांबून लागत नाही

मंडळी, आज शहाणपणा नडला. गोडाऊनमध्ये सिस्कोचा २४ पोर्टचा २९६० नेटवर्क स्विच आहे, तिथे सीसीटीव्हीसाठी व्हीलॅन ३० (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) वाढवायचा होता, तर मी ऑफिसात बसूनच एसएसएचने (लांबून लॉगिन करून) आत गेलो नि अपलिंकवर, म्हणजे सगळे व्हीलॅन ऑफिसकडे नेणाऱ्या ट्रंक लाइनवर, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' मारलं, मधला 'ॲड' राहिला, म्हणजे यादीत ३० वाढायच्या ऐवजी फक्त ३०च उरला. एंटर दाबला आणि कर्सर जागीच गोठला. मॅनेजमेंट १० वर, बिलिंग २० वर, दोन्ही ट्रंकवरून उडाले. दोन मिनिटांत बिलिंगवाल्या काकांचा फोन, "अरे बिल निघत नाहीये."

'राइट मेमरी' (बदल सेव्ह करायची कमांड) केलेलं नाही, म्हणजे वॉचमनला प्लग काढून परत लावायला सांगितलं की स्टार्टअप कॉन्फिगमधून (सेव्ह केलेल्या सेटिंगमधून) जुनं सगळं येईल ना? भीती एवढीच की गेल्या आठवड्यात दोन पोर्ट बदलले होते ते सेव्ह केले का आठवत नाही. का सरळ तिकडे जाऊन लॅपटॉप स्विचच्या कन्सोल पोर्टला थेट ९६०० स्पीडवर लावून 'अलाउड व्हीलॅन ॲड १०,२०' देऊ? यूएसबी कन्व्हर्टर आहे, ती निळी चपटी कन्सोल केबल मात्र नेमकी आजच सापडत नाहीये.

आणि आधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट) लावून मगच ट्रंकला हात लावायचा, असं खरंच कोणी करतं का?