सोसायटीच्या ग्रुपवर बुधवारचा कविता-वर्ग : अक्षरं मोजायची की नाही?

ए-१०४ (काकू): काल रात्री सुचलं ते टाकते. पहिलीच आहे.
पहाटेचा चहा
दोन कप भरते
एक तसाच नेते
परत मी

सी-३०१ (आजोबा): वहिनी 🙏 दोनदा वाचली.

बी-२०२ (सर): फार खरी उतरली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत एकेक अक्षर जास्त होतंय, तेवढं बघा. आपण देवद्वार छंद घेतलाय, म्हणजे चार ओळींत ६-६-६-४ अक्षरं. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया' बोटांवर मोजा, बरोबर बसतं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक तुमचं जुळलेलंच आहे.

ए-५०३: सर, इतकं मनापासून आलेलं, ते मोजून कशाला कापायचं? मुक्तछंदात लिहू द्या ना. नाहीतर हायकू घ्या, तीनच ओळी, सोपं पडेल सगळ्यांना.

बी-२०२ (सर): हायकू दिसतो सोपा. जपानीत ५-७-५ असा हिशोब. कवयित्री शिरीष पै यांनी तो मराठीत आणला, रुजवला, तेव्हा तीन ओळी ठेवल्या पण आकड्यांचा आग्रह धरला नाही. मग सगळी भिस्त उरते ती एका क्षणावर, आणि शेवटच्या ओळीत येणाऱ्या कलाटणीवर. पहिल्याच महिन्यात ते कुणाकडून मागायचं? मुक्तछंदाचंही तसंच. ओळ कुठे तोडायची हे ठरवायला कान आधी तयार लागतो. आपल्या वर्गातल्या बहुतेकांनी लहानपणापासून अभंग ऐकलेत, म्हटलेत. ती लय अंगात आहेच, नवी शिकायची नाही. शिवाय कोऱ्या कागदापुढे 'काहीही लिहा' म्हटलं की माणूस बुजतो. सहा अक्षरं शोधा म्हटलं की शोधायला लागतो. माझं मत ठाम आहे, आधी मोजून लिहा. हायकू दिवाळीनंतर घेऊ.

ए-५०३: हं, हे पटतंय.

ए-१०४ (काकू): मग असं?
पहाटेचा चहा
दोन कप घेते
एक तसा नेते
परत मी
पण 'तसाच'मधला 'च' गेल्याचं वाईट वाटतंय. आमच्या ह्यांचा कप तो.

बी-२०२ (सर): वाटणारच. माझ्या मते मात्र 'तसा' जास्त लागतं, कारण जोर न देता सांगितलंय.

डी-४०२ (मावशी): आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या अशा मोजलेल्या नव्हत्या हो. जात्याच्या फेऱ्यावर लांबवायची नाहीतर आखडायची.

बी-२०२ (सर): बरोबर आहे तुमचं, ती ओवी गळ्यावर चालते, तिला मोजायला जाऊ नये. मावशी, तुम्हाला आठवतात तेवढ्या म्हणून ठेवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. रचणाऱ्या कित्येक बायांना लिहिता येत नव्हतं.

डी-४०२ (मावशी): मग मला बोलून दिलं तर चालेल? मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर लिहिणं बंद आहे.

बी-२०२ (सर): चालेल म्हणजे काय! व्हॉइस मेसेज टाका.

ए-५०३: मावशी, मी उतरवून देईन. बुधवारी पाचला क्लबहाऊसमध्ये येतोच.

बी-२०२ (सर): ये. सगळ्यांनी चौकटींची वही आणा, एका चौकटीत एक अक्षर. या वेळचा विषय 'आपली खिडकी'.