रोल केजचे पाय कुठे टेकवावेत?

प्रश्न: माझ्या ऑफ-रोड गाडीत बोल्टने बसणारा रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) घालायचा आहे, पण त्याचे पाय केवळ फ्लोअरच्या पत्र्यावर येतात. तेवढा आधार पुरेल का?

उत्तर १: मुळीच नाही. गाडी उलटली की सारा भार पायाखालच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो आणि पातळ पत्रा फाडून नळी खाली घुसते. एफआयएच्या (मोटारस्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत बोल्टच्या केजसाठी प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटीमीटरची पोलादी प्लेट बॉडीला वेल्ड केलेली आणि किमान तीन एम८ (८ मिमी व्यासाचे) बोल्ट सांगितले आहेत.

उत्तर २: डोक्याजवळच्या नळ्यांना कठीण पॅडिंग अवश्य लावा. पहिल्याच खडकाळ फेरीनंतर माझ्या एका बोल्टवरची रंगाची खूण सरकलेली दिसली, म्हणजे तो सैल झाला होता. म्हणून बोल्टचा टॉर्क (आवळण्याचा जोर) पुन्हा तपासावा.