जे-१ ट्रेनी व्हिसावर सप्लाय चेन: डीएस-७००२ स्पॉन्सरने परत पाठवला, दुरुस्ती काय करायची?

परचेस_ऑर्डर:
अमेरिकेतली एक वितरण कंपनी १८ महिन्यांसाठी ‘सप्लाय चेन ट्रेनी’ म्हणून घ्यायला तयार आहे. भारतातली मेकॅनिकलची पदवी आणि त्यानंतर उत्पादन नियोजन व खरेदीतला तीन वर्षांचा अनुभव आहे. कंपनी म्हणते जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या) व्हिसाचं स्पॉन्सर बघेल. स्पॉन्सर म्हणतो कंपनीने लिहिलेला डीएस-७००२ (प्रशिक्षण योजनेचा फॉर्म) चालणार नाही, सुधारून आणा. काय सुधारायचं हे कोणीच नीट सांगत नाही.

मसुद्यातला पहिला टप्पा असा आहे: “परचेस ऑर्डर तयार करणे, पुरवठादारांचा पाठपुरावा, गोदामातली आवक-जावक सांभाळणे, रोजचे रिपोर्ट बनवणे.” यात चूक काय? ट्रेनीऐवजी इंटर्न म्हणून गेलं तर सोपं पडेल का? आणि एक एजंट पैसे भरल्यास ‘स्पॉन्सरसकट कंपनी’ देतो म्हणतोय, ते कितपत खरं?

लीड_टाइम:
आधी ‘स्पॉन्सर’ या शब्दाचा घोळ मिटवू, कारण निम्मी गडबड तिथेच होते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसात कंपनीच स्पॉन्सर असते. जे-१ मध्ये तसं नाही. इथे स्पॉन्सर म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था, उदाहरणार्थ कल्चरल व्हिस्टाज किंवा सीआयईई. तुम्हाला घेणारी कंपनी ही ‘होस्ट’. कंपनी जागा, पर्यवेक्षक आणि मानधन देते. स्पॉन्सर कागद तपासून डीएस-२०१९ हे पात्रतेचं प्रमाणपत्र देतो, आणि त्या डीएस-२०१९ वर तुम्ही वकिलातीत व्हिसा मागता. त्यामुळे जाहिरातीत ‘जे-१ स्पॉन्सरशिप उपलब्ध’ असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की स्पॉन्सर संस्था कोणती. नाव सांगता आलं नाही तर कंपनीने हे काम आधी केलेलं नाही, किंवा जाहिरात नुसतीच टाकली आहे.

इंटर्न की ट्रेनी हा निवडीचा प्रश्नच नाही, नियम ठरवतो. इंटर्न म्हणजे अमेरिकेबाहेरच्या उच्च शिक्षण संस्थेत सध्या शिकणारा, किंवा पदवी होऊन कार्यक्रम सुरू होण्याच्या तारखेपर्यंत १२ महिने उलटलेले नाहीत असा. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. ट्रेनीला अमेरिकेबाहेरची पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि त्या क्षेत्रातला अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव चालतो. मुदत १८ महिन्यांपर्यंत. तुमची पदवी तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे इंटर्नचं दार बंद.

‘अमेरिकेबाहेरचा’ हा शब्द दोन्हीकडे आहे, तिकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकेत एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) मिळवलेला अनुभव ट्रेनीच्या या अटीत मोजला जात नाही. असे बरेच अर्ज पहिल्याच चाळणीत गळतात.

एजंटबद्दल: स्पॉन्सरने भरतीसाठी, निवडीसाठी किंवा ट्रेनी बसवण्यासाठी स्टाफिंग एजन्सीची मदत घेणं नियमातच बसत नाही. परदेशातला प्रतिनिधी असू शकतो, पण त्याचा स्पॉन्सरशी लेखी करार असावा लागतो. म्हणून एजंटला स्पॉन्सरचं नाव विचारा, परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावरच्या यादीत ते ‘ट्रेनी’ या वर्गाखाली आहे का बघा, आणि हा माणूस तुमचा प्रतिनिधी आहे का हे थेट स्पॉन्सरलाच ईमेलवर विचारा. यादीत नाव आहे पण फक्त ‘समर वर्क ट्रॅव्हल’ किंवा ‘ओ पेअर’ अशा दुसऱ्या वर्गाखाली, तर त्या संस्थेला तुम्हाला ट्रेनी म्हणून डीएस-२०१९ देताच येणार नाही.

सेफ्टी_स्टॉक:
मसुद्यातल्या त्या चार कलमांवर बोलतो, कारण अर्ज तिथेच अडला आहे.

ते वर्णन नोकरीचं आहे. ट्रेनीने कंपनीतली रिकामी जागा भरायची नाही आणि अमेरिकी कर्मचाऱ्याची जागाही घ्यायची नाही, हा नियमाचा गाभा आहे. त्यावरून तुमची कलमं बघा. ‘परचेस ऑर्डर तयार करणे’ आणि ‘रोजचे रिपोर्ट’ ही कारकुनी कामं झाली, आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. ‘आवक-जावक सांभाळणे’ वाचून तपासणाऱ्याच्या डोळ्यासमोर पिकिंग, पॅकिंग आणि ट्रक रिकामा करणं येतं. अकुशल काम थोडंसुद्धा चालत नाही, त्याला टक्केवारीची सवलत नाही. उरला ‘पुरवठादारांचा पाठपुरावा’. तो तुमच्या बायोडेटात तीन वर्षं आहेच.

सप्लाय चेनच्या अनुभवी माणसांचे अर्ज बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावर अडकतात. प्रशिक्षण म्हणजे आधीच्या अनुभवाची पुनरावृत्ती नको, असं नियम सांगतो. अनुभव एक वर्षाहून कमी असेल तर अपात्र, आणि जे करत आलात तेच पुन्हा लिहिलं तर ‘मग शिकणार काय?’ यावर उत्तर नाही. म्हणून मसुदा लिहायला बसण्याआधी दोन रकाने करा. डावीकडे आजवर जे केलंत ते, उजवीकडे त्यातलं जे फक्त अमेरिकेतच शिकता येतं ते. सप्लाय चेनमध्ये उजवा रकाना भरायला अडचण येत नाही:

आयातीत ‘टेन प्लस टू’ म्हणजे इम्पोर्टर सिक्युरिटी फायलिंग आहे. यातली बरीचशी माहिती माल परदेशी बंदरात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी अमेरिकी कस्टम्सकडे जावी लागते. त्यामुळे पुरवठादाराकडून कागद यायची मुदत मागे सरकते आणि लीड टाइमचं (मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या अवधीचं) गणितच बदलतं. फॉरेन ट्रेड झोनमध्ये (ड्युटीसाठी देशाबाहेरचं धरलेल्या क्षेत्रात) माल ठेवून ड्युटी कधी भरायची याचं नियोजन करता येतं. रस्ते वाहतुकीत ड्रायव्हरला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या खिडकीत ११ तासच गाडी चालवता येते, तेही इलेक्ट्रॉनिक लॉगवर. गोदामातल्या अपॉइंटमेंटचं वेळापत्रक या आकड्यांभोवती फिरतं. डिमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त अडकवल्याचे आकार), बंदर ते गोदाम ड्रेयेज म्हणजे कंटेनरची वाहतूक, मोठ्या किरकोळ साखळ्यांचे वेळेवर व पूर्ण पुरवठ्याचे निकष आणि ते चुकले की कापले जाणारे पैसे, हे सगळं प्रत्यक्ष व्यवहारात बसूनच कळतं.

आता फॉर्म. प्रत्येक टप्प्यासाठी डीएस-७००२ विचारतो: उद्दिष्टं काय, पर्यवेक्षण कोण करणार आणि त्याची पात्रता काय, कोणती कौशल्यं शिकवणार, ती कशी आणि कोणत्या क्रमाने शिकवणार, प्रगती कशी मोजणार, सांस्कृतिक उपक्रम कोणते. ‘कशी शिकवणार’ आणि ‘कशी मोजणार’ या दोन चौकटींत कंपन्या एकेक ओळ लिहून मोकळ्या होतात आणि तिथेच फॉर्म परत येतो. तुमचा पहिला टप्पा मी असा लिहीन:

“टप्पा १, चार महिने, आयात नियोजन आणि साठा धोरण. पहिले दोन आठवडे: नियोजन व्यवस्थापकाच्या शेजारी बसून गोदाम प्रणाली आणि आयात कागदपत्रांची ओळख. तिसरा ते आठवा आठवडा: निवडक ५० वस्तूंच्या मागणीतला आणि लीड टाइममधला चढउतार मोजून सुरक्षित साठ्याची मांडणी करायला शिकणे, दर शुक्रवारी व्यवस्थापकासोबत एक तास आढावा. नववा ते सोळावा आठवडा: फायलिंगच्या मुदतीनुसार पुरवठादारांच्या वेळापत्रकाचा अभ्यास आणि सुधारणेचा प्रस्ताव. मोजमाप: प्रस्तावित साठा आणि प्रत्यक्ष तुटवडा यांची तुलना, व्यवस्थापकासमोर सादरीकरण, लेखी मूल्यांकन.”

बघा, पुरवठादारांचं काम यातही आहेच, पण ते शिकण्याचं साधन म्हणून. १८ महिन्यांसाठी असे चार टप्पे पुरतात: आयात नियोजन, वाहतूक, पुरवठादार मूल्यमापन आणि शेवटी विक्री व कामकाज नियोजनाच्या बैठकांमधला सहभाग. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वरचा दिसला पाहिजे. चारही टप्प्यांत तेच वाक्य चिकटवलं तर तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

पर्यवेक्षक त्याच जागी हजर हवा. गोदाम एका राज्यात आणि पर्यवेक्षक दुसऱ्या राज्यातल्या मुख्यालयात, असं लिहू नका. दुसऱ्यांचा माल हाताळणारी थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स कंपनी तुम्हाला ग्राहकाच्या गोदामात बसवणार असेल तर तो पत्ता स्पॉन्सरला आधीच सांगा. कागदावर एक जागा आणि काम दुसरीकडे, हे उघड झालं तर कार्यक्रम बंद होऊ शकतो.

परचेस_ऑर्डर:
दोन रकान्यांची कल्पना पटली, आजच कंपनीला पाठवतो. स्पॉन्सर आता कंपनीची उलाढाल आणि कर्मचारी संख्या विचारतोय. त्याचा माझ्या अर्जाशी काय संबंध? आणि खर्च कुठे कुठे येतो?

लीड_टाइम:
संबंध आहे. २५ पेक्षा कमी कर्मचारी किंवा वर्षाला ३० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असेल, आणि त्या स्पॉन्सरकडे कंपनी पहिल्यांदाच येत असेल, तर स्पॉन्सरला प्रत्यक्ष भेट देऊन जागा बघावी लागते. त्यात काही आठवडे सहज जातात. सुरुवातीची तारीख ठरवताना ते धरा. कामाचे तास आठवड्याला किमान ३२ हवेत, आणि कामगार नुकसानभरपाई विमा आहे का हेही फॉर्ममध्ये विचारतात.

इनकोटर्म:
खर्चाचं सांगतो. स्पॉन्सरची फी प्रत्येकाची वेगळी, ती लेखी मागा आणि अर्ज फेटाळला तर किती परत मिळते हेही विचारा. सरकारी फी ठरलेल्या आहेत: सेव्हिसची (परदेशी विद्यार्थी व ट्रेनींच्या सरकारी नोंद प्रणालीची) आय-९०१ फी २२० डॉलर, व्हिसा अर्जाची १८५ डॉलर. आय-९०१ डीएस-२०१९ हातात आल्यावर, पण मुलाखतीच्या आधी भरायची, आणि पावतीवरचा सेव्हिस क्रमांक डीएस-२०१९ शी अक्षर न् अक्षर जुळवून बघायचा.

विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजार वा अपघातासाठी किमान १ लाख डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, मृतदेह परत पाठवण्यासाठी २५ हजार, आणि स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा एका प्रसंगाला ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. स्वस्तातली प्रवासी पॉलिसी यातल्या एखाद्या आकड्यावर हमखास कमी पडते.

मुलाखतीत २१४(ब) खाली, म्हणजे परत येण्याचा इरादा पटला नाही म्हणून, नकार येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘पुढे तिथेच नोकरी बघेन’ या अर्थाचं उत्तर. प्रशिक्षण संपल्यावर परत येऊन कोणत्या पदावर हे ज्ञान वापरणार, ते डीएस-७००२ शी जुळेल अशा दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. जून २०२५ पासून जे व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, तेव्हा तिथल्या नोकरीच्या तारखा आणि बायोडेटातल्या तारखा एकच आहेत ना, तेवढं तपासा.

दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या २१२(इ) अटीची जुनी माहिती अजून फिरते आहे. ९ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या कौशल्य यादीत (कोणत्या देशांना कोणत्या कौशल्यांसाठी ही अट लागते ती यादी) भारत नाही, त्यामुळे यादीमुळे ती अट आता भारतीयांना लागत नाही. सरकारी पैशावर जाणाऱ्यांना मात्र लागू शकते. ट्रेनी म्हणूनच पुन्हा जायचं असेल तर मध्ये दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात, तो नियम वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका.

पोहोचल्यावर लगेच स्पॉन्सरला कळवा, कारण सुरुवातीच्या तारखेपासून ३० दिवसांत सेव्हिसमध्ये नोंद व्हायला हवी. ती झाल्याशिवाय सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी जाऊ नका, कार्यालयातून परत पाठवतात. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. पहिली पगारपत्रिका आली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांच्या ओळी बघा. करासाठी अनिवासी असलेल्या जे-१ ट्रेनीला हे ७.६५ टक्के लागत नाहीत, पण पेरोलवाले सवयीने कापतात. आधी कंपनीकडूनच परत मागा. कंपनीने दिले नाहीत तर फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून कर खात्याकडे. आयकर मात्र लागतोच, आणि विवरणपत्र १०४०-एनआर भरायचं, साधं १०४० नाही.

सेफ्टी_स्टॉक:
एक राहिलं. कार्यक्रम सहा महिन्यांपेक्षा मोठा असेल तर मध्यावर आणि शेवटी असं दोनदा मूल्यांकन भरावं लागतं, त्यावर तुमची आणि पर्यवेक्षकाची दोघांची सही लागते. पर्यवेक्षक मध्येच कंपनी सोडून गेला तर त्याच आठवड्यात स्पॉन्सरला कळवून सुधारित डीएस-७००२ करून घ्या. नवीन माणसाने, ज्याचं नाव कागदावर नाही, त्याने मूल्यांकनावर सही केली की प्रश्न तुम्हाला विचारले जातात.