नापाची १९९४ची कॅबर्ने लिलावातून घेताना काय बघावं?

खडूचाफा: मंडळी, ऑनलाइन लिलावात कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीच्या तीन कॅबर्ने सोव्हिन्यों (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन) दिसतायत. १९९४च्या दोन (नापातल्याच दोन भागांतल्या: एक हॉवेल माउंटनची, एक रदरफर्डची) आणि २०२०ची एक, ती बरीच स्वस्त. एका १९९४च्या पुढे ‘पातळी खांद्याच्या मध्यावर’ असं लिहिलंय. त्याचा अर्थ काय? राहायला सॅन होजेत, वाइनचा फ्रिज नाही. एक बाटली डिसेंबरात पुण्याला न्यायचा विचार आहे.

तळघर: खांदा म्हणजे मानेखाली बाटली रुंद होत जाते तो उतार. वाइन त्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर सोडून द्या. बुचातून वाइन थोडी थोडी उडतेच. तीस वर्षांनी ती मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या कडेला असेल, तर वयाला साजेसं आहे. त्याखाली म्हणजे बूच गळतंय, नाहीतर बाटलीने उन्हाळे गरम खोलीत काढलेत. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. गार झाली की आकसते आणि हवा आत ओढते.

फोटो मागवा: मागून उजेड धरून पातळी आणि रंग, कॅप्सूलचा (बुचावरच्या वेष्टनाचा) माथा जवळून. चिकट ओघळ किंवा वर आलेलं बूच दिसलं की बोली लावू नका. लेबलावर ओलीचे डाग असले तर मात्र घाबरू नका. दमट तळघरात लेबल बिघडतं, पण बूच चांगलं राहतं. पहिल्या खरेदीची पावती आणि बाटली कुठे ठेवली होती, हे समीक्षकांच्या कुठल्याही गुणांकनापेक्षा मोलाचं.

वेलमांडव: १९९४ नापात उत्तम वर्ष. हॉवेल माउंटनचे मळे साधारण १,४०० फुटांच्या वर, धुक्याच्या थराबाहेर. ज्वालामुखीची पातळ माती, मणी बारीक, रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून टॅनिन (सालीतून येणारा तुरटपणा, तोच वाइन टिकवतो) दणकट. रदरफर्डची वाइन सहसा मऊ, पण चांगल्या मळ्याची असेल तर तीही टिकते.

आजच्या बाटलीशी तुलना जपून करा. एएक्सआर-१ हा खुंट (ज्यावर वेलाचं कलम करतात ते मूळ) फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीला बळी पडला आणि नव्वदच्या दशकात नापातले असंख्य मळे उपटून नव्याने लावले गेले. लेबल तेच असलं तरी वेल तेच असतील असं नाही.

२०२० स्वस्त आहे ते वणव्यांमुळे. ऑगस्टमध्ये धूर, सप्टेंबरअखेर ‘ग्लास फायर’ नावाचा वणवा. धुरातले फिनॉल (धुराचा वास देणारी द्रव्यं) सालीतल्या साखरेला चिकटतात, तेव्हा मण्याला वास येत नाही. आंबवताना आणि पुढे बाटलीतही ते सुटत राहतात. रेड वाइन सालीसकट आंबते, म्हणून फटका तिलाच जास्त. कित्येकांनी त्या वर्षी कॅबर्ने काढलीच नाही. तोडणी कोणत्या तारखेची हे कळत नसेल तर साठवायला घेऊ नका.

तळघर: ठेवण्याबद्दल: १२ ते १४ अंश, अंधार, बाटली आडवी. कपाटात काही महिने चालेल. वर्षानुवर्षं ठेवायची तर वाइन साठवायचा भाड्याचा लॉकर घ्या. माल उन्हाळ्यात मागवू नका, ट्रक तापतात.

भारतात माणशी २ लिटर ड्यूटी-फ्री, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. प्रवासात जुन्या वाइनच्या तळाचा गाळ ढवळला जातो, तेव्हा पुण्यात निदान आठवडाभर हलवू नका. शेवटचे दोन दिवस उभी ठेवा. जुनं बूच स्क्रूने तुटतं, दोन पात्यांचा ओपनर वापरा. मानेमागे टॉर्च धरून सावकाश ओता, गाळाची रेघ मानेत आली की थांबा. मग लगेच प्या. इतकी जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवली तर वास उडून जातो.