एव्हीआर बदलण्याआधी

न्हावा शेवा येथे पावसाळाभर उभ्या असलेल्या टगचा (जहाजे ओढणाऱ्या बोटीचा) जनरेटर पूर्ण वेगाने फिरतो, पण ४४० व्होल्ट तयार होत नाहीत, अशी मूळ प्रश्नकर्त्यांची अडचण आहे. त्यावर वर सुचवलेला ‘सरळ एव्हीआर (व्होल्टेज आपोआप नियंत्रित करणारा भाग) बदला’ हा उपाय मला घाईचा वाटतो. ब्रशलेस अल्टरनेटरच्या (कार्बन ब्रश नसलेल्या जनरेटरच्या) रोटरवरील, म्हणजे फिरत्या भागावरील, एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) शॉर्ट झाला असेल, तर एक्सायटरवरचा (रोटरला चुंबकत्वासाठी वीज पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरवरचा) भार वाढून नवा एव्हीआरही जळू शकतो, आणि तो काही स्वस्त नसतो.

इतके महिने दमट हवेत यंत्र बंद होते, म्हणून प्रथम एव्हीआर सोडवून आणि डायोडांची टोके तारेने एकत्र जोडून (म्हणजे त्यांना इजा होणार नाही) ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) वाइंडिंग, म्हणजे तारांची वेटोळी, तपासावे. त्याचा इन्सुलेशन रोध १ मेगओहमच्या खाली असेल, तर आधी वाइंडिंग वाळवावे. स्पेस हीटर (बंद यंत्रात ओल धरू नये म्हणून असलेला छोटा हीटर) बंदच राहिला होता का, हेही विचारायला हवे.

त्यानंतर जोडणी पूर्ववत करून, एव्हीआर मात्र बाजूलाच ठेवून, एक्सायटरच्या फील्डला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वाइंडिंगला) १२ व्होल्टची बॅटरी ध्रुव न चुकवता जोडावी आणि ब्रेकर उघडा असताना, नेहमीच्या वेगावर, तिन्ही फेजांमधील व्होल्टेज मोजावे. ते भरपूर आणि समान आले, तर दोष एव्हीआरमध्ये, त्याच्या सेन्सिंगच्या (व्होल्टेज मोजून त्याला कळवणाऱ्या) तारांत किंवा नाहीशा झालेल्या अवशिष्ट चुंबकत्वात (यंत्र बंद असतानाही लोखंडात उरणाऱ्या, सुरुवातीला लागणाऱ्या चुंबकत्वात) शोधावा. समान पण फारच कमी आले, तर संशय डायोडांवर किंवा एक्सायटरवर जातो. असमान आले, तर स्टेटरवर, म्हणजे स्थिर भागातील वाइंडिंगवर.